आयोवाचा मका, अंबडचा ऊस

साखर कारखान्यांत नोकरीला लागलेली आमच्या भागातली पोरं आता हंगाम आटोपला की पुस्तकं काढतात. कुणी बॉयलरवर असतो, कुणी लॅबमध्ये, कुणी इन्स्ट्रुमेंटेशनला. हातात डिप्लोमा किंवा बी.ई. असतं. वरच्या जागेसाठी मुलाखतीला गेलं की मॅनेजमेंटचं काही केलंय का, असं विचारतात. मग दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए सुरू होतं, आणि बऱ्याच जणांचा विषय असतो टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट. अंकुशनगर हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. कारखान्यानं नाव घेतलं ते याच जिल्ह्यात, जांबेत, जन्मलेल्या समर्थ रामदासांचं, आणि वसाहतीनं घेतलं कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांचं. इथं बसून टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटचा अभ्यास करायचा म्हणजे काय, याचा विचार गेले काही महिने माझ्या डोक्यात आहे. निमित्त माझी भाची. ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात आहे आणि हीच पदवी करते आहे. रजेत आली की तिची पुस्तकं मी वाचतो.

पुस्तकं चांगली आहेत. नवं तंत्र केव्हा घ्यायचं, जुनं केव्हा सोडायचं, विकत आणायचं की स्वतः घडवायचं, पैसा कुठून उभा करायचा आणि ते वापरणारी माणसं कशी तयार करायची, हा या विषयाचा गाभा. उदाहरण म्हणून कोडॅक येतेच. डिजिटल कॅमेरा १९७५ साली त्यांच्याच इंजिनिअरनं, स्टीव्ह सॅसननं, बनवला. पण फिल्मच्या धंद्याला धक्का नको म्हणून कंपनी त्या वाटेनं धड गेली नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. मग नोकियाचे मोबाइल, मग जपानी मोटारींचे कारखाने. हे शिकायलाच हवं. तरी पानामागून पान उलटताना मला वाटत राहिलं की यातली कुठलीच कंपनी पावसावर चालत नाही.

आणि मग एका प्रकरणात रॉजर्स भेटला. तंत्रज्ञानाचा प्रसार कसा होतो, आधी मूठभर लोक, मग झुंबड, शेवटी मागे राहिलेले, तो इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र, हे प्रत्येक एमबीएवाल्याला पाठ असतं. एव्हरेट रॉजर्सचं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हे पुस्तक १९६२ साली आलं. आज सॉफ्टवेअर कंपन्या त्याचे दाखले देतात. पण त्याचा पाया शेतात आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २५९ शेतकऱ्यांना भेटून संकरित मक्याचं बियाणं कुणी केव्हा आणि का घेतलं याची नोंद केली. तो अभ्यास १९४३ साली छापून आला. त्यात एक गोष्ट निघाली. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचं मन झालं ते शेजाऱ्याचं पीक बघून. रॉजर्स स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवीन अवजारांची हौस होती, पण संकरित मक्यावर विश्वास नव्हता. १९३६ च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला आणि शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला, तेव्हा कुठे त्यांनी बियाणं बदललं.

हे वाचून मी भाचीला म्हटलं, अगं, हे तर आपलंच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, आणि ठिबकचं महत्त्व तेव्हा पटलं, जाहिरातीनं नव्हे. जालन्याजवळच्या कडवंचीनं १९९६ पासून पाणलोटाचं काम केलं, शेततळी केली, द्राक्षं लावली. तिथं बघायला आजूबाजूची गावं जातात आणि परत येऊन आपल्या शिवारात खड्डा मोजतात. संकरित बियाणं हवं असेल तर तेही घरचं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि हजारो शेतकऱ्यांच्या रानात बीजोत्पादन उभं केलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. प्रयोगशाळेतलं वाण, शेतकऱ्याच्या बांधावरची परागीभवनाची मजुरी, पिशवीत भरलेलं बी आणि त्यावरचा गिऱ्हाइकाचा भरवसा, ही साखळी जुळवणं म्हणजेच टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट. जालन्याच्या पोरांना ते शिकवताना बारवाल्यांचं नाव यायला हवं, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

पण माझा खरा मुद्दा उसाचा आहे.

पुस्तकातल्या कंपनीत मालक वेगळा, माल पुरवणारा वेगळा, कामगार वेगळा. सहकारी साखर कारखान्यात ऊस घालणारा सभासदच मालक असतो. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हापासूनची ही रचना. म्हणजे कारखान्यानं गाळप क्षमता वाढवायचा निर्णय घेतला की त्याचं कर्ज सभासदाच्याच डोक्यावर, आणि क्षमता वाढवली नाही तर रानात उभा राहणारा ऊसही त्याचाच. या माणसाचं हित कशात, हे साध्या नफा-तोट्याच्या तक्त्यातून निघत नाही.

२०२१-२२ चा हंगाम आठवा. पाऊस चांगला, जायकवाडी धरण भरलेलं, त्याच्या डाव्या कालव्याला पाणी, आणि आमच्याकडे लोकांनी ऊस लावला तो असा की नजर पोचेल तिथवर ऊसच. त्या वर्षी महाराष्ट्रानं सुमारे १३७ लाख टन साखर काढून उत्तर प्रदेशला मागं टाकलं. त्याच वर्षी मे महिना उजाडला तरी मराठवाड्यात ऊस रानात उभा होता. ऊस तोडणाऱ्या टोळ्या मिळेनात. मिळाल्या त्या एकरी पैसे मागू लागल्या. तुरे आलेला ऊस आतून पोकळ होत होता, वजन घटत होतं. सरकारनं १ मेनंतर गाळलेल्या उसाला साखर उतारा घटल्यापोटी टनामागं २०० रुपये जाहीर केले. पण त्याआधीच गोदावरीच्या पलीकडे, गेवराई तालुक्यात, एका शेतकऱ्यानं तोड मिळत नाही म्हणून ऊस पेटवला आणि स्वतःचा जीव दिला.

यंत्रं कमी होती म्हणून हे झालं का? अंशतः हो. पण लागवडीच्या नोंदी, तोडणीचा कार्यक्रम, शेजारच्या कारखान्याशी ठरवून घ्यायचा ऊस आणि पुढच्या दुष्काळी वर्षात रिकामी राहणारी क्षमता हे सगळं एकत्र धरून बघणारं कुणी असायला हवं होतं. २०१५-१६ ला याच पट्ट्यात गाळपाला ऊस नव्हता. सहा वर्षांत एकदा ऊस पुरेना आणि एकदा ऊस संपेना, अशा ठिकाणी किती टनांचा कारखाना असावा, हा प्रश्न बोस्टनच्या कुठल्याही मॅनेजमेंटच्या वर्गात ठेवला तर तिथले प्राध्यापक खुर्ची पुढं ओढून बसतील.

दुसरा दाखला इथेनॉलचा. केंद्रानं पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं. व्याज सवलतीच्या कर्जावर कारखान्यांनी डिस्टिलरी उभ्या केल्या, काहींनी उसाच्या रसापासून थेट इथेनॉल काढायची तयारी केली. ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, साखर कमी पडेल या भीतीनं केंद्रानं रस आणि सिरपपासून इथेनॉल बनवायला मनाई केली. नंतर काही प्रमाणात मुभा दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन उठवलं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येत राहिला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, मनाईच्या हंगामात क्विंटलला ३१५ रुपये झाली, पुढच्या हंगामात ३४०. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच होती. तंत्र निवडताना सरकारचा कागद हाही यंत्राचाच एक भाग म्हणून हिशेबात धरावा लागतो, हे भाचीच्या पुस्तकात एका ओळीत आहे. आमच्या भागात त्यावर अख्खं पुस्तक होईल.

पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून साखर उद्योगासाठी तंत्रज्ञ घडवते. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे, तिथं बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित एम.टेक. करता येतो. म्हणजे यंत्र जाणणारी माणसं इथं आहेत, येताहेत. त्यांच्या ज्ञानाला सभासदाच्या पैशाशी, पाण्याशी आणि तोडणी मजुराच्या पोटाशी जोडणारा अभ्यास मला अजून दिसत नाही.

तो उभा करायची एक जागा आहे, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आहे: शेवटच्या सत्राचा प्रकल्प अहवाल. दुर्दैवानं तोच सगळ्यात हलक्यात घेतला जातो. झेरॉक्सच्या दुकानात तयार अहवाल मिळतात, मुखपृष्ठावर नाव बदललं की झालं. मला याचा फार राग येतो. नोकरी सांभाळून, फी भरून, रात्री डोळे चोळत शिकणाऱ्या पोरानं आपल्या कारखान्याच्या गव्हाणीपुढं काय चाललंय ते सोडून कुठल्या तरी दूरच्या कंपनीची उसनी पानं का जोडावीत?

भाचीनं तोडणी यंत्राचा विषय घेतला आहे. यंत्राची किंमत कोटीच्या घरात. अनुदान ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी ते. मजूर मिळत नाहीत म्हणून सगळे यंत्राकडे बघतात, आणि मजूर तरी कोण? आपल्याच अंबड, घनसावंगी, गेवराईची माणसं, उचल घेऊन कोयता उचलणारी. यंत्राला निदान साडेचार-पाच फुटांची सरी लागते, आमच्याकडे तीन-साडेतीन फुटांवर लावलेला ऊस अजून भरपूर आहे, आणि वाटण्या होऊन एक-दोन एकरांचे तुकडे पडले आहेत. यंत्र उसाचे बारीक तुकडे करतं. तुकड्यांची तोंडं जास्त, त्यामुळं ते अख्ख्या मोळीपेक्षा लवकर नासतात, साखर घटते. म्हणून यंत्र घेतलं तर वाहतूक आणि काट्यावरची रांगही बदलावी लागते. पाचटापोटी वजनात कपात होते त्यावरून बांधावर भांडणं होतात, ती वेगळी.

तिनं मला विचारलं, "मामा, सरी रुंद करायचा खर्च कुणी सोसायचा? यंत्रमालकानं, कारखान्यानं की शेतकऱ्यानं?" मला उत्तर देता आलं नाही. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी तोच प्रश्न अहवालाच्या मध्यभागी ठेवायला सांगितला आहे. आता तिला एकाच गटातले हातानं तोडलेले आणि यंत्रानं तोडलेले प्लॉट निवडून, तोड सुरू झाल्यापासून ऊस गव्हाणीत पडेपर्यंत किती तास जातात ते मोजायचंय, टोळीतल्या बायामाणसांशी बोलायचंय, आणि यंत्र आलं तर ते काय करतील ते विचारायचंय. हे फेब्रुवारीच्या आत व्हायला हवं. त्यानंतर टोळ्या गावाकडे परततात आणि विचारायला फडात कुणी उरत नाही.