किल्ली हातात, मालकी कुणाकडे?

घराची सूत्रं कुणाच्या हाती आहेत, हे पूर्वी बाईच्या कमरेकडे बघून कळायचं. सासूबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या कमरेला आला की घर तिचं झालं, असा सरळ हिशेब होता. आता दारात चारचाकी आली आहे. एमएच-१३ची पाटी असलेल्या गाड्या चालवणाऱ्या बायका सोलापुरात सात रस्त्याला, होटगी रोडला रोज दिसतात. कुणी मुलांना क्लासला सोडते, कुणी सासऱ्यांना दवाखान्यात नेते, कुणी गुरुवारी मैत्रिणींना घेऊन अक्कलकोट गाठते. बघून बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, गाडीची किल्ली ही कोठीच्या किल्लीसारखी नाही. ती हातात असली म्हणजे हक्क आला असं होत नाही, आणि हे कळतं ते नेमकं ती हरवल्यावर.

आमच्या बचत गटातल्या एका भगिनीचे पती २०२१ साली करोनाच्या लाटेत गेले. गाडी दारात तशीच उभी राहिली. दोन वर्षांनी तिनं धीर केला, ड्रायव्हिंग शिकून घेतलं, लायसन्स काढलं. शाळेचे गणवेश शिवून देण्याचं तिचं काम. माल पोचवायला गाडी उपयोगी पडू लागली. पुढे जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या गर्दीत तिची किल्ली पडली. दुसरी किल्ली पतीनं कुठे ठेवली होती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चावीवाल्याने दार उघडून दिलं, नवी किल्ली घासूनही दिली. ती फिरली, इंजिन दोन सेकंद गुरगुरलं आणि बंद पडलं. शेवटी ती सर्व्हिस सेंटरला गेली. काउंटरवरचा मुलगा अदबीनं म्हणाला, “मॅडम, मालकांना घेऊन या, त्यांचं ओळखपत्र लागेल.” आपल्याकडे कितीतरी बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. ती म्हणाली, “मालक नाहीत.” तो म्हणाला, “मग उद्या घेऊन या.”

त्या मुलाचं काही चुकलं नाही. आरसी बुक आणि मालकाची ओळख न बघता तो किल्ल्या करून देऊ लागला, तर उद्या चोरही येऊन आपल्या गाडीची किल्ली मागेल. पण या बाईचे पुढचे दोन महिने गाडी दारात आणि माल रिक्षात असे गेले. शिलाईत जे सुटायचं, ते भाड्यात गेलं.

ही किल्ली एवढी हट्टी का, ते समजून घ्यायला हवं. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. ती कुलपं किल्लीचा आकार ओळखायची. दाते जुळले की कुलूप उघडलं. गाडीची हल्लीची किल्ली आकाराबरोबर नंबरही सांगते. तिच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा नखाएवढी चिप असते. या चिपला स्वतःचा सेल नसतो. किल्ली लावतो त्या खाचेभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपला नंबर गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवते. नंबर ओळखीचा निघाला तरच इंजिन चालू राहतं. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. चोऱ्या वाढल्या म्हणून युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडे मारुतीच्या गाड्यांत ती ‘आयकॅट्स’ या नावानं आली.

रेशन दुकानाचं उदाहरण घ्या. कार्ड खरं असलं तरी मशीनवर अंगठा जुळला नाही तर धान्य मिळत नाही. किल्लीचा आकार म्हणजे कार्ड आणि चिप म्हणजे अंगठा. चावीवाल्यानं कार्ड हुबेहूब करून दिलं, अंगठा कुठून आणणार? नवी किल्ली गाडीला ओळखीची करून द्यावी लागते, त्यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडून, गाडीचा गुप्त कोड घालून नव्या किल्लीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये नोंदवतात. हे काम जाणणारे कारागीर आता बाजारातही आहेत. पण ज्याचं दुकान ठाऊक आहे, जो आधी आरसी बुक मागतो आणि पावती देतो, त्याच्याकडेच जावं. कागद न विचारता किल्ली करून देणारा माणूस आज सोयीचा वाटतो, पण तो आणखी कुणाकुणाला किल्ल्या करून देत असेल?

किल्ली चालेनाशी झाली की दर वेळी ती बिघडलेलीच असते, असंही नाही. रिमोटच्या बटणाचा सेल वेगळा असतो. तो संपला तर दार बटणानं उघडत नाही, पण किल्ली हातानं लावली की गाडी सुरू होते, कारण चिपला सेल लागतच नाही. पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२ नंबरचा चपटा सेल असतो, तो घड्याळाच्या दुकानात मिळतो. नेण्याआधी जुन्या सेलवरचा नंबर मात्र बघून घ्या. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या किल्लीत बहुतेक वेळा दाराची एक छोटी किल्ली लपवलेली असते, आणि सेल संपला तरी किल्ली बटणाला टेकवून धरली की बऱ्याच गाड्या सुरू होतात. नेमकी रीत गाडीसोबतच्या पुस्तकात असते. ते पुस्तक आपण एकदा तरी उघडलंय का? आणि हो, पँटचे खिसे तपासल्याशिवाय कपडे मशीनमध्ये टाकू नका. पाण्यानं किल्लीतलं सर्किट जातं.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण इथे अगदी खरी ठरते. एक किल्ली हातात असताना दुसरी करून घेणं सोपं आणि स्वस्त असतं. दोन्ही गेल्या तर गाडी ओढून न्यावी लागते, किल्ली मागवावी लागते, आणि काही गाड्यांत कुलपांचा सगळा संच बदलावा लागतो. नव्या गाडीच्या किल्ल्यांसोबत नंबरची छोटी पट्टी येते. तो नंबर वहीत लिहून ठेवा, पट्टी मात्र गाडीत ठेवू नका. किल्ली हरवलीच तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा आणि नवी करताना जुन्या किल्लीचा नंबर गाडीतून पुसून घ्या. जुनी गाडी घेताना किंवा ड्रायव्हर काम सोडून गेला तरीही हे करावं. पुसलेल्या किल्लीनं इंजिन सुरू होत नाही, पण दार उघडू शकतं, हेही लक्षात असू द्या.

दुसरी किल्ली विम्यासाठीही महत्त्वाची आहे. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक नसली तर शंभर प्रश्न विचारले जातात. एका ट्रकचा ड्रायव्हर किल्ली गाडीलाच ठेवून खाली उतरला आणि ट्रक चोरीला गेला. कंपनीनं निष्काळजीपणा दाखवून दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ साली ७५ टक्के भरपाई देण्याचा निकाल झाला. एका किल्लीपायी मालकाला इतकं लांब जावं लागलं. हरवलेल्या किल्लीचा खर्च देणारं जोड-संरक्षणही विम्यात घेता येतं. नूतनीकरणाच्या वेळी विचारून घ्या.

आता मालकीचं बोलू. वाहनमालक वारला तर वारसानं तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ भरून द्यायचा, असा नियम आहे. गाडीचा विमाही मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने, किंवा त्याआधी मुदत संपत असेल तर तोवरच, चालू राहतो. दुःखाच्या त्या दिवसांत हे कुणाला सुचणार? बँकेचं, एलआयसीचं भाऊ-दीर बघतात, गाडीचं राहून जातं. उशीर झाला तर दंड भरून काम होतं, पण वारसांच्या संमतीपत्रांसाठी फिरावं लागतं. आमच्या भगिनीचे दोन महिने त्यातच गेले. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि बँकेच्या खात्याप्रमाणे आरसीवरही नॉमिनीचं नाव लावायची सोय झाली. आधीच्या गाडीलाही ते नंतर लावता येतं. ही गोष्ट अजून फार थोड्या घरांत पोचली आहे.

यात नवऱ्याशी भांडायचं काही कारण नाही. उलट त्याला शेजारी बसवूनच हे काम करायचं आहे. दुसरी किल्ली कुठे आहे, आरसी आणि विम्याचे कागद कुठल्या फायलीत आहेत, नॉमिनी कोण आहे, हे तीन प्रश्न त्याला विचारा. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला का, तेही विचारा. आणि पुढची गाडी घ्यायची वेळ आली, घरात ती चालवणारी तुम्हीच असाल, तर ती तुमच्या नावावर घ्यायला काय हरकत आहे? सोन्याची पावती आपण जपून ठेवतो. दारातली गाडी कित्येक घरांत त्या सोन्याहून महाग असते, आणि तिचा एक कागदही आपण डोळ्यांखालून घातलेला नसतो.

या रविवारी तो डबा, ती फाईल आणि तो खण उघडा. दुसरी किल्ली सापडली तर एकदा गाडीला लावून बघा, इंजिन सुरू होतं का ते. नाही सापडली, तर सोमवारी ती करून घ्यायला आरसी बुक घेऊन स्वतः जा.