ओसी नाही, तर किल्ली नको

पुण्यात वाकड, पुनावळे, वाघोली या पट्ट्यात नवा फ्लॅट बुक केलेल्यांना कधी ना कधी एक गोड आवाजातला फोन येतो. “सर, फ्लॅट रेडी आहे. ओसी यायला थोडा वेळ आहे, पण तोवर फर्निचरचं काम सुरू करा. फिट-आउटसाठी किल्ली देतो.” मग दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त, फुगे लावलेलं गेट आणि पुठ्ठ्याच्या मोठ्या किल्लीसोबत फोटो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ही किल्ली घेऊ नका.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि तिथे माणसांनी राहायला हरकत नाही, असं महापालिकेने किंवा पीएमआरडीएने लिहून दिलेला कागद. “थोडा वेळ आहे” याचा अर्थ, हे अजून कोणीही लिहून दिलेलं नाही. आपल्यापैकी अर्धे लोक आयटीत आहेत. टेस्टिंगची सही झाल्याशिवाय आपण एक बटणसुद्धा प्रॉडक्शनला जाऊ देत नाही. आणि वीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेल्या घरात मात्र आईवडिलांसह बिनसहीचे राहायला जातो. तारीख गुरुजींना विचारतो, कागद कोणालाच विचारत नाही.

आता कायदा बघू. रेरा कायदा 2016 चा, महाराष्ट्रात महारेराचं काम 2017 पासून सुरू आहे. कलम 19 म्हणतं, ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्राहकाने ताबा घ्यावा. म्हणजे ताबा घेण्याची तुमची जबाबदारी ओसीनंतरच सुरू होते. कलम 18 म्हणतं, कबूल केलेली तारीख चुकली तर व्याजासह पैसे परत घ्या, किंवा ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. कलम 14 नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा.

या तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे: ताबा. फिट-आउटच्या किल्लीबरोबर जे पत्र सहीला येतं, त्यात बहुतेकदा ‘ताबा मिळाला, तक्रार नाही’ अशा अर्थाची ओळ असते. ती सही झाली की बिल्डरच्या वकिलाला हातात मुद्दा मिळाला. व्याज कुठपर्यंत मोजायचं, पाच वर्षं कधीपासून धरायची, सगळ्यावर वाद. आणि शेवटचा हप्ता, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम तुम्ही देऊन मोकळे. मग ओसीसाठी पळापळ करायची घाई बिल्डरला कशाला असेल?

‘येते हो सहा महिन्यांत’ म्हणणाऱ्यांनी समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा निकाल वाचावा. तिथल्या लोकांनी 1993 मध्ये फ्लॅट बुक केले, 1997 मध्ये ताबा घेतला. ओसी नव्हती, म्हणून मालमत्ता कर 25 टक्के जास्त आणि पाणीपट्टी 50 टक्के जास्त भरत राहिले. ओसी न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते जानेवारी 2022 मध्ये. आणि तेव्हाही प्रकरण पुन्हा ग्राहक आयोगाकडे गेलं. किल्ली हातात येऊन तोवर 25 वर्षं झाली होती.

यावर एक उत्तर येतं आणि ते खरं आहे: “एकीकडे भाडं, दुसरीकडे हप्ता. किती महिने ओढायचं?” ही ओढाताण बिल्डरला पक्की माहीत असते, तो फोन त्याच भरवशावर येतो. पण कलम 18 चं व्याज याच ओढाताणीसाठी आहे. एकट्याने मागितलं तर तुम्ही ‘डिफिकल्ट कस्टमर’ ठरता. दोनशे फ्लॅटच्या प्रोजेक्टमध्ये शंभर जणांनी लेखी कळवलं, की ओसीशिवाय ताबा घेणार नाही आणि शेवटचा हप्ताही देणार नाही, तर बोलणं बदलतं. खरेदीदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप तर आधीच असतो. सध्या त्यावर फक्त मॉड्युलर किचनची कोटेशनं फिरतात.

अजून बुकिंग केलं नसेल तर काम सोपं आहे. जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि सेल्सवाल्याने सांगितलेली तारीख नोंदणीतल्या तारखेशी ताडून बघा. ओसी दाखवली तर ती तुमच्याच विंगची, तुमच्याच मजल्याची आहे का बघा. ती अंशतःही दिली जाते. आणि ओसी आलेलं घर महाग वाटत असेल, तर हिशोब पूर्ण करा. बांधकाम चालू असलेल्या 60 लाखांच्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी म्हणजे 3 लाख. ओसीनंतर पहिला रुपया दिलात तर हा जीएसटी शून्य.

सॅम्पल फ्लॅटमधला सोफा कोणीही दाखवेल. तुम्ही कागद मागा. तो मिळेपर्यंत वास्तुशांत थांबली तर काही बिघडत नाही.