कुंडीतल्या रोपालाही पाण्याचा हिशोब असतो

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की घाट चढून मांजरसुंबा येते. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चौकात वाहनांचा धूर आणि धूळ दिवसभर असते. आजूबाजूला बालाघाटाचे उघडे डोंगर. पावसाळ्यात जवळच्या कपिलधारचा धबधबा पाहायला गर्दी लोटते. पण फेब्रुवारी सरला की याच पट्ट्यात पाण्याच्या टाकीकडे आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात. अशा गावातल्या घरात खिडकीपाशी कोणते रोप ठेवावे, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटेल. प्रत्यक्षात तो पाण्याचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे.

गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून एक सल्ला घरोघरी पोचला आहे. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडतो, मनी प्लांट हवेतले विष शोषतो, अरेका पाम लावला की घराची हवा शुद्ध होते, तुळस चोवीस तास प्राणवायू देते. रोपे विकणारेही हेच सांगतात आणि दोन-अडीचशे रुपयांचे रोप ‘एअर प्युरिफायर’ म्हणून घरी येते. यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की, रोपाच्या भरवशावर धुराकडे दुर्लक्ष होते आणि टंचाईतले पाणी चुकीच्या कुंडीत जाते.

या समजाचे मूळ १९८९ च्या एका अहवालात आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेतील शास्त्रज्ञ बी. सी. वोल्व्हर्टन यांनी हवाबंद पेट्यांमध्ये रोपे ठेवली, त्यात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, ट्रायक्लोरोएथिलीन हे वायू सोडले आणि चोवीस तासांनी त्यांचे प्रमाण मोजले. ते कमी झालेले आढळले. प्रयोग खोटा नव्हता. पण तो बंद पेटीतला होता. अंतराळयानाला दारे-खिडक्या उघडता येत नाहीत, घराला येतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा १२ अभ्यासांतील १९६ प्रयोगांचा आढावा घेतला. इमारतीत सहज खेळणाऱ्या हवेमुळे जेवढी सफाई आपोआप होते, तेवढी रोपांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० रोपे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दहा बाय बाराच्या खोलीचे क्षेत्रफळ साधारण ११ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी ११० कुंड्या. त्या ठेवल्या तर माणसांनी झोपायचे कुठे?

प्राणवायूचा हिशोबही घरबसल्या करता येतो. त्याच खोलीत सुमारे ३४ हजार लिटर हवा असते आणि तिच्यात सात हजार लिटर प्राणवायू. झोपलेला माणूस आठ तासांत साधारण १२० लिटर वापरतो, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. आणि दाराच्या फटींतून नवी हवा येतच असते. कोरफड, स्नेक प्लांट यांसारख्या रोपांची पर्णरंध्रे रात्री उघडतात हे खरे. मात्र ती उघडतात कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवण्यासाठी, दिवसाच्या उन्हात पाणी वाया जाऊ नये म्हणून. प्रकाशाविना प्राणवायू तयार होत नाही आणि तुळसही या नियमाला अपवाद नाही. याच हिशोबाने दुसरी भीतीही निकालात निघते. रात्री खोलीत कुंडी राहिली म्हणून कोणाचा श्वास कोंडत नाही.

घरातली हवा खरोखर बिघडवते ती चूल, सततची उदबत्ती आणि डासांची कॉइल. एक कॉइल पूर्ण जळाल्यावर ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडू शकतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. खिडकी बंद, कॉइल पेटवलेली आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारा पाम, हे दृश्य म्हणजे गळक्या माठाखाली वाटी ठेवण्यासारखे आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी खिडकीला जाळी आणि झोपायला मच्छरदाणी घ्यावी. रोप त्यानंतर.

डासांचा विषय निघालाच आहे तर कुंडीकडेही पाहायला हवे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. बाटलीत लावलेला मनी प्लांट आणि कुंडीखालची ताटली या त्याच्या सोयीच्याच जागा. अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. टंचाईच्या गावात मात्र तो पाळणे जिवावर येते. चार दिवसांनी मिळालेले पाणी ओतून कसे द्यायचे? त्यावर उपाय असा की साठवणीचे ड्रम आणि रांजण कापडाने घट्ट बांधून ठेवावेत, रिकामे होतील तेव्हा आतून घासून घ्यावेत आणि ताटलीतले पाणी त्याच कुंडीत परत ओतून ताटलीही घासावी. घासणे महत्त्वाचे, कारण ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने तग धरतात. मनी प्लांट बाटलीऐवजी मातीतच लावलेला बरा.

आता पाणी. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने माणशी दिवसाला २० लिटर पाणी देण्याचे सरकारी प्रमाण आहे. उन्हाळ्यात मोठ्या कुंडीतला पाम दिवसाला लिटरभर पाणी सहज पितो. अशा पाच कुंड्या म्हणजे एका माणसाच्या वाट्याचा पाव हिस्सा. शिवाय ते पाणी बहुतेक घरांत बाईनेच भरून आणलेले असते आणि कुंड्यांना घालण्याचे कामही तिच्याकडेच येते. रील पाहून रोप आणणारा आणि मे महिन्यात त्यासाठी हंडा उचलणारी, ही दोन वेगळी माणसे असतात. रोप निवडताना तिला विचारले जात नाही, हे या हौसेचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

याचा अर्थ घरात झाडे लावूच नयेत असा नाही. बालाघाटाने स्वतःसाठी सीताफळ निवडले. उन्हाळ्यात ते पाने गाळून गप्प उभे राहते आणि पावसासोबत पुन्हा पालवते. या गुणावर ते मुरमाड डोंगरात कोणी पाणी न घालता टिकते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरातले रोप निवडताना हीच रीत वापरायची. जागेत जेवढे ऊन आणि घरात जेवढे पाणी, तेवढ्यात भागवणारे रोप आणायचे.

उजेड कमी असेल तर स्नेक प्लांट किंवा झेडझेड चालतो. दोघांनाही दोन आठवड्यांतून एकदा पाणी पुरते. ओसरीवर किंवा उन्हाच्या खिडकीत कोरफड, पानओवा, तुळस. मोरीजवळ कढीपत्ता आणि गवती चहा, म्हणजे भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी कामी येते. साबणाचे पाणी मात्र कुंडीत नको. क्षार साठून मुळे जळतात. बोअरचे पाणी जड असेल तर पानांची टोके करपतात आणि मातीवर पांढरा थर येतो. अशा वेळी पावसाळ्यात कुंड्या बाहेर काढून पावसाने धुऊ द्याव्यात.

कुंडीत निव्वळ काळी माती भरण्याची चूक या भागात हमखास होते. शेतात सोन्यासारखी असणारी ही माती कुंडीत ओली असताना चिखल होते, वाळली की भेगाळते आणि मुळांना हवा मिळत नाही. तिच्यात कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा बारीक मुरूम जवळपास समान मिसळावा आणि कुंडीला तळाशी भोक हवेच. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. घरातली रोपे तहानेने मरतात त्याहून जास्त अति पाण्याने मुळे कुजून मरतात. टंचाईच्या गावात तर हे दुहेरी नुकसान झाले.

घरात रांगते मूल असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अळू नीट शिजले नाही तर घसा खवखवतो, म्हणून भाजीत चिंच पडते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मनी प्लांट, सिंगोनियम आणि पांढऱ्या ठिपक्यांचा डिफेनबेकिया हे त्याच अळूच्या कुळातले. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्सॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मुलाने पान चावले तर तोंड आणि जीभ सुजते, आग होते. मिनिटभरात जीव जातो हा मोबाइलवरचा संदेश खोटा आहे, पण त्रास खरा आहे. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे विष मात्र थेट हृदयावर काम करते. तिथे घरगुती उपाय करत बसणे धोक्याचे. उलटी करवू नये, तोंड पाण्याने पुसावे आणि खाल्लेल्या झाडाची डहाळी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

एवढा हिशोब करून आणलेल्या रोपाने हवा शुद्ध केली नाही, तरी ते निरुपयोगी ठरत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची नोंद तपासून रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवले की, खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास छोटा होता, पण हिरवाईने मनाला उसंत मिळते या अनुभवाला त्याने आधार दिला. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर चढवलेला मधुमालतीचा वेल दुपारचे ऊन अडवतो, भिंत कमी तापते आणि रात्री खोलीत झोप लागते. उन्हाळा चाळिशी ओलांडणाऱ्या मुलखात हा फायदा कोणत्याही काल्पनिक प्राणवायूपेक्षा मोठा आहे.

त्यासाठी विक्रेत्यांनी एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक रोपासोबत एक चिठ्ठी द्यावी: नाव, किती ऊन, किती दिवसांनी पाणी, पान विषारी आहे का. औषधाच्या वेष्टनावर मुदत लिहिलेली असते, बियाण्याच्या पिशवीवर वाण लिहिलेला असतो. मग घरात जाणाऱ्या रोपावर ‘शुभ’ आणि ‘ऑक्सिजन’ एवढेच का लिहावे? ग्राहकानेही ही माहिती मागायला हवी. आणि रोप घरी नेण्याआधी, मे महिन्यात त्याला पाणी कोण घालणार आहे, हे त्या माणसाला विचारून यावे.