मापाला माप देणारा हात

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत जिन्याखाली वडिलांची १९७० सालची जावा कित्येक वर्षे गोणपाटाखाली उभी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ह्या गाड्या तयार होत. १९९६ मध्ये तो कारखानाच बंद पडला. किक मारायची आणि गिअर टाकायचा तो एकाच दांड्याने, ही तिची खासियत. यंदा ती चालू करायचे मनावर घेतले, तर मागच्या चाकाच्या स्विंग आर्मचा बुश पार झिजलेला. बाजारातून आणला तो सैल बसला.

अखेर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरने माप घेतले, गनमेटलचा तुकडा लेथला लावला आणि तासाभरात नवा बुश हातावर ठेवला. "ठोकू नका, दाबून बसवा," एवढेच म्हणाला. त्याचा मुलगा मात्र लेथवर उभा राहायला तयार नाही.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. उत्तमच आहे. पण कारखाना गेला, सुटे भाग संपले, मग हे मूळ रूप राखायचे कोणी? अशा टर्नरनेच ना? आणि त्याच्याच मजुरीत आपण घासाघीस करतो! आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकणारी मुले काही महिने अशा कारागिरांच्या हाताखाली पाठवावीत. नाहीतर उद्या गाडीची नोंद राहील, गाडी मात्र जिन्याखालीच.