चाक गोलच दिसले पाहिजे!

करंजाडे ही पनवेलजवळ सिडकोच्या आखणीतून उभी राहिलेली नवी वसाहत. अशा वसाहतींत भिंतीवर टांगलेला रुंद दूरचित्रवाणी संच आता नवलाचा राहिलेला नाही. पण त्यावर प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावून पाहा. संचाची जुळणी चुकलेली असेल, तर तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस आडवे सुटलेले दिसतील आणि गोल वस्तू लंबगोल होईल. पुष्कळ घरांत असे चित्र रोज पाहिले जाते आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ते वाटायला हवे.

असे का होते? जुन्या चित्रांची रुंदी व उंची यांचे गुणोत्तर सुमारे ४:३ असे. एडिसनचे सहकारी डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर फिल्मसाठी जवळपास हेच माप घेतले आणि पुढे दूरचित्रवाणीनेही ते उचलले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हाचे चित्र याच मापाचे होते. आजच्या पडद्याचे गुणोत्तर मात्र १६:९ आहे. जुने चित्र त्यावर काठोकाठ पसरले की त्याची रुंदी एक तृतीयांशाने वाढते. उंची तेवढीच राहते.

यावर काही जण म्हणतात, “पैसे पूर्ण पडद्याचे मोजले, मग दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या का पाहायच्या?” हिशेब करून पाहू. ४३ इंची संचाचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर जुने चित्र ७१ सेंटिमीटर जागा घेते. म्हणजे प्रत्येक बाजूला १२ सेंटिमीटर पट्टी उरते. चित्र ताणून ती झाकली, तरी चित्रात नवे काहीच येत नाही. चित्र न ताणता मोठे करून ती भरली, तर वरचा व खालचा मिळून चौथा हिस्सा कापला जातो. आजोबांच्या फोटोला चौकट मोठी झाली, तर आपण भोवती कोरा कागद लावतो. आजोबांना ताणत नाही!

शिवाय १६:९ हे माप मुळातच तडजोडीचे आहे. जुनी चौकोनी चित्रे आणि सिनेमास्कोपसारखी अतिरुंद चित्रे दोन्ही कमीत कमी जागा वाया जाऊन मावावीत, म्हणून निवडलेला तो मध्यममार्ग. तेव्हा काळी पट्टी हा संचाचा दोष नव्हे, योजनेचाच भाग आहे.

शाळेत तर ही चूक अधिक महागात पडते. ताणलेल्या चित्रात चौरसाचा आयत होतो आणि ४५ अंशांचा कोन सुमारे ३७ अंशांचा होतो. (स्पर्शकाचे कोष्टक उघडून हे स्वतः पडताळा.) भूमितीचा पाठ अशा पडद्यावर दाखवणे म्हणजे वाकड्या पट्टीने रेघ मारायला शिकवणे होय.

तपासणी सोपी आहे. राष्ट्रध्वजाचे स्थिर, अगदी समोरून घेतलेले चित्र पडद्यावर आणा. अशोकचक्राची आडवी व उभी मापे पट्टीने घ्या. उभे माप १२ सेंटिमीटर आणि आडवे १६ भरले, तर चित्र ताणलेले आहे. मग संचाच्या यादीत चित्राचे गुणोत्तर ‘मूळ’ किंवा ‘ऑटो’ करा. तरीही फरक पडला नाही, तर सेट-टॉप बॉक्सची जुळणी पाहा. कधी कधी वाहिनीच चित्र ताणून पाठवते. तेव्हा संचावर ४:३ निवडले की ते पुन्हा सरळ होते.

दुर्बीण असो, तापमापक असो वा दूरचित्रवाणी संच, उपकरण वापरण्याआधी ते खरे दाखवते की नाही हे पाहणे ही विज्ञानाची पहिली शिस्त आहे. डोळ्यांना सवय झाली म्हणून लंबगोल काही गोल होत नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी आणि उद्या वर्गात पट्टी घेऊन उभे राहा, आणि चाक गोल झाल्याशिवाय मागे हटू नका.