शेकोटी कधी पेटवायची?

उन्हाळा सुरू झाला की नाही, यावर आमच्या धाराशिव जिल्ह्यात कधी वाद होत नाही. विहिरीचा तळ दिसला की उन्हाळा. पावसाळ्याचेही तसेच. तो आला तर सर्वांना कळतो आणि न आला तर त्याहून अधिक कळतो. वाद होतो तो हिवाळ्याचा. कोजागरीच्या सुमारास पहाटे अंगावर काटा यायला लागतो, दुपारी मात्र सदरा घामाने भिजलेला असतो. घरातला एक म्हणतो, थंडी पडली. दुसरा म्हणतो, कुठली आलीय थंडी, दिवाळी तरी होऊ द्या. माळ्यावरच्या वाकळा काढून उन्हात टाकायच्या की नाही, बंब पेटवायचा की नाही, संध्याकाळी अंगणात जाळ करायचा की नाही, असा घोळ चार-दोन आठवडे चालतो. वरवर पाहता हा घरगुती आणि बिनमहत्त्वाचा घोळ आहे. पण गेली काही वर्षे मला वाटू लागले आहे, की या प्रश्नाचे उत्तर घरात कोण देते, हे पाहिले तर त्या घराचे आणि गावाचेही बरेच काही कळते.

जिथे बर्फ पडते तिथे हा प्रश्न सरकारदरबारी सुटतो. चीनच्या उत्तर भागातल्या शहरांत घरोघरी सामाईक नळांतून ऊब पुरवली जाते. बीजिंगमध्ये तिची ठरलेली तारीख १५ नोव्हेंबर आणि बंद होण्याची १५ मार्च. थंडी लवकर आली तर तारीख अलीकडे ओढतात. गंमत अशी, की चिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या दक्षिणेकडच्या लोकांना ही सोयच नाही. तिकडचा प्रदेश उबदार, असे नकाशावर ठरले आणि शांघायची माणसे घरात कोट घालून बसू लागली. रशियात दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांच्या खाली राहिले, की नळ तापू लागतात. म्हणजे तिथे निदान चर्चेला आकडा तरी आहे. आपल्याकडे आकडा नाही, नळ नाही आणि मुळात असे काही ठरवायचे असते, ही जाणीवही नाही.

ती नव्हती, याला कारण होते. आमच्या भागात ऊब ही कधी वेगळी विकत घेण्याची किंवा पेटवण्याची वस्तूच नव्हती. ती वरकड मिळत असे. घराची भिंत दोन-अडीच फूट जाडीची, काळ्या दगडाची आणि मातीची. वर लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचे माळवद. एवढ्या जाड भिंतीतून दुपारचे ऊन आतल्या बाजूला पोचायला रात्र होते. बाहेर दव पडत असताना आतली भिंत कोमट लागायची. घराच्या पुढच्या भागात जनावरे बांधलेली असत, त्यांच्या श्वासाची ऊब वेगळी. आणि मागे चूल. रात्रीची भाकरी झाल्यावर निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि चुलीच्या अंगाला घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण पडे. थंडी सुरू झाली की नाही, हे कुणी कुणाला विचारत नसे. ज्याला वाजायची तो सरकून चुलीजवळ जायचा, बस्स.

यातली एकेक गोष्ट गेली आणि प्रत्येक गोष्ट योग्य कारणासाठी गेली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ‘गेले ते दिन’ गाणाऱ्यांत माझी गणना व्हायची. गोठा घराबाहेर गेला, ते आरोग्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. चूल मागे पडली. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस खेड्यापाड्यांत पोचला आणि बायकांच्या डोळ्यांतला, छातीतला धूर थोडा तरी कमी झाला. त्याबद्दल हळहळ वाटायचे कारण नाही. आणि भिंत? भिंतीने तर माणसे मारली.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे हादरले. सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले. पण आमच्या जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे त्याच रात्री ढिगारा झाली. भूकंपाचा जोर जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता. एवढी माणसे मेली ती दगड आणि माती अंगावर आल्यामुळे. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी रचलेली, मध्ये मुरूम-खडी भरलेली, दोन्ही बाजूंना आरपार धरून ठेवणारा लांब दगड नाही. माळवदावर गळतीपायी घातलेल्या मातीच्या थरांवर थर. जी ऊब आम्ही वरकड समजत होतो, तिचे वजन त्या पहाटे कळले.

त्यानंतर आलेला हिवाळा ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. उद्ध्वस्त गावांतली माणसे आधी तंबूंत आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. पत्रा दुपारी भाजतो आणि सूर्य बुडाल्यावर तासाभरात बर्फासारखा होतो. पहाटे आत झोपलेल्यांच्या श्वासाचेच पाणी पत्र्याला लागून खाली ठिबकते. माझ्यासारखे जे जरा दूरच्या गावात होते, त्यांची घरे उभी होती. तरी घरात झोपायची हिंमत कुणाला नव्हती. भरल्या घरांना कुलपे लावून गावेच्या गावे अंगणात आणि खळ्यावर झोपली. त्या वर्षी शेकोटी कधी पेटवायची, असा प्रश्न कुणी विचारला नाही. दिवेलागणीला पेटायची ती उजाडेपर्यंत जळायची. तुराट्या, धसकटे, जनावरांपुढचा चघाळ, पडक्या घरांची लाकडे, जे हाताला लागेल ते.

पुढे पुनर्वसन झाले. जागतिक बँकेच्या साह्याने पुरी पडलेली गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या धारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे मिळाली. घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली, रस्ते सरळ आखले. हे काम मोठे होते आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण भिंत पातळ झाली आणि डोक्यावर चार-पाच इंचांचा स्लॅब आला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर आभाळाकडे तोंड करून निवतो. वैशाखात आत झोपवत नाही आणि मार्गशीर्षात फरशीवर पाय ठेववत नाही. भीतीचा धडा असा काही बसला, की ज्या गावांची घरे पडली नव्हती त्यांनीही पुढच्या वर्षांत माळवदे उतरवली आणि पत्रे टाकले. दगडाच्या भिंतीला आरपार दगड घालून, पायथ्याला आणि दारावर पट्टे बांधून ती सुरक्षित करता येते. १९९३ सालीच भारतीय मानक ब्यूरोने अशा कच्च्या बांधकामासाठी मानकेही काढली होती. ते करण्याचा धीर मात्र फार थोड्यांना झाला. ज्याने ढिगाऱ्यातून पोर काढले त्याला दगडाच्या भिंतीत पुन्हा झोप, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

तर आता भिंत नाही, चूल नाही, गोठा नाही. ऊब आता ठरवून आणावी लागते. त्यासाठी गोवऱ्या लागतात, वीज लागते, पैसा लागतो. आणि जिथे ठरवायचे आले तिथे ठरवणारा आला. हा ठरवणारा बहुधा घरातला चालताफिरता, कमावता पुरुष असतो. तो पहाटे उठून पाणी द्यायला शेतात जातो, दोन चकरा मारल्या की त्याचे अंग गरम होते, म्हणून त्याच्या हिशेबी थंडी अजून पडलेली नसते. ज्याला ती खरी वाजते ते माणूस कोपऱ्यात असते. सत्तरी ओलांडलेल्या आजी असतात, ज्यांना दसऱ्यापासूनच हातपाय गार पडल्याचे कळते; पण विजेच्या बिलाचा विषय निघेल म्हणून त्या बोलत नाहीत. पहाटे गार पाण्यात धुणे-भांडी करणारी सून असते. तिला तर कुणी विचारतच नाही. बंबातल्या पाण्याचा क्रम पाहा. पहिली बादली कामावर जाणाऱ्याची, मग शाळेत जाणाऱ्यांची. शेवटी जे कोमट उरते ते बायकांचे. बंब गेले, बादलीत टाकायची कॉइल आली, काही गच्च्यांवर सौर टाक्या आल्या; क्रम मात्र तसाच राहिला.

आपल्या परंपरेत घरातल्या ऊबेचा अधिकार विनातक्रार मिळतो तो एकाच व्यक्तीला, बाळंतिणीला. तिच्या बाजेखाली ओवा टाकलेली शेगडी ठेवण्याबद्दल वाद होत नाही. पण इथे एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. जुन्या माळवदाला उजेडासाठी आणि धुरासाठी भोक ठेवलेले असे, त्याला सानं म्हणत. स्लॅबच्या खोलीला सानं नसते. लोखंडी दार आणि काचेची खिडकी लावली की खोली डब्यासारखी बंद होते. धुमसत्या निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. चार बोटे खिडकी उघडी ठेवल्याशिवाय आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढल्याशिवाय बाळ-बाळंतिणीला त्या खोलीत ठेवू नये. नव्या घरात जुनी शेगडी तशीच नेता येत नाही, हे सुईणीपासून सासूपर्यंत सर्वांना माहीत असायला हवे.

आता घराबाहेर येऊ. ऊब केव्हा सुरू करायची, हे आपले शासन ठरवत नाही; पण ऊस केव्हा गाळायचा, ते ठरवते. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती दर वर्षी गाळपाची तारीख जाहीर करते. २०२४ च्या हंगामासाठी तिने ठरवलेली तारीख योगायोगाने १५ नोव्हेंबरच होती. बीजिंगमध्ये ज्या दिवशी नळ तापतात, त्याच दिवशी भूम, कळंब, वाशी, परंड्याकडची ऊसतोड कुटुंबे आपले घर बंद करून पाचटाच्या कोपीत राहायला गेलेली असतात. थंडीचे चार महिने बहुतेक त्यांचे तिथेच जातात. ओल्या फडाच्या कडेला, खाली चवाळे, वर प्लास्टिक. पहाटे चारला कोयता हातात. अंगावरच्या पोराला पाचटाच्या जाळाजवळ ठेवून आई फडात उतरते, आणि कोपी पेटण्याची भीती तिच्या पाठीशी असते. ही माणसे साखरेच्या पोत्यामागच्या हिशेबात मजुरी म्हणून येतात. ती झोपतात कशावर, याचा रकाना त्या हिशेबात नसतो.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला आम्ही शेतात कडब्याची कोप करतो, तिच्यात पांडव मांडतो, भज्जी-आंबिलावर ताव मारतो. फार गोड सण आहे. पण त्याच शिवारात, दोन बांध ओलांडून, दुसरी कोप उभी असते. तिच्यातल्या पोरांना त्या दिवशी बोलावून भज्जी देणारी घरे आहेत, नाही असे नाही. परत जाताना अंगावर वाकळ घालून पाठवणारी फार नाहीत.

वर्तमानपत्रांनाही या बाबतीत मोकळे सोडता येत नाही. पारा उतरला की आम्ही लिहिणारे ‘गुलाबी थंडी’ हे दोन शब्द काढतो आणि शेकोटीभोवती बसलेल्या म्हाताऱ्यांचा फोटो छापतो. त्या म्हाताऱ्यांना घरात ऊब असती तर ते पहाटे पाचला चौकात कशाला येऊन बसले असते? हवामान खात्याची थंडीची लाट ही व्याख्याही सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा खाली आले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, तर लागू होते. व्याख्या शास्त्रशुद्ध आहे; पण त्या खात्याचा तापमापक मोकळ्या जागेत पांढऱ्या पेटीत असतो, आजींच्या खोलीत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांसाठी सांगितले, की हिवाळ्यात घराच्या आत किमान १८ अंश असावेत, म्हातारे आणि आजारी यांच्यासाठी त्याहून अधिक. तो आकडा आमच्यासाठी काढलेला नाही, हे कबूल. पण त्यांनी तापमापक घरात नेला, एवढे तरी घ्यावे.

माझे म्हणणे साधे आहे. थंडी पडली की नाही, हे ज्याला ती सर्वांत आधी वाजते त्याने ठरवावे. घरात आजींनी म्हणावे ‘वाकळा काढा’, आणि त्या दिवशी वाकळा निघाव्यात, मग कॅलेंडरवर काहीही असो. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. तिच्यात टँकर, रस्ते, दिवे यांच्याबरोबर हाही विषय यावा, की गावात एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, त्यांच्या खोलीला पत्रा आहे की स्लॅब, अंगणवाडीच्या फरशीवर सतरंजी आहे का, शिवारात टोळी उतरणार असेल तर तिची कोपी कुठे पडणार आणि पाण्यापासून, फडापासून किती लांब. घरकुलाच्या चर्चेत हप्त्यांखेरीज भिंतीची जाडी आणि छपराखालचा थर हे शब्द ऐकू यावेत. पत्र्याखाली कडब्याचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा थर दिला तरी रात्र सुसह्य होते. तो द्यायला निविदा लागत नाही. फक्त चुलीपासून आणि दिव्यापासून तो दूर ठेवावा, आणि उंदरांसाठी एक मांजर पाळावे.