इनडोअर म्हणजे फक्त कॅरम?

गॅदरिंग जवळ आलं की जिमखान्याच्या बोर्डावर नोटीस लागते. मुलींच्या खेळांचे त्यात दोन रकाने असतात. 'आउटडोअर'मध्ये थ्रोबॉल, लिंबू-चमचा आणि १०० मीटर धावणे. 'इनडोअर'मध्ये कॅरम, बुद्धिबळ आणि टेबल टेनिस. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथेही पाऊस आला की पी.टी.चा तास 'इनडोअर' व्हायचा, म्हणजे लुडो आणि कॅरम! थोडक्यात काय, मीडियम इंग्रजी असो की मराठी, आपल्याकडे या शब्दाचा अर्थ एकच: बाहेर पाऊस आहे, आत बसा.

पण मित्रमैत्रिणींनो, याच शब्दाचा जगात आणखी एक अर्थ आहे. इनडोअर अ‍ॅथलेटिक्स! युरोपात हिवाळ्यात मैदानं बर्फानं भरतात. म्हणून तिथल्या लोकांनी धावण्यालाच छपराखाली आणलं. २०० मीटरचा छोटा ट्रॅक, वळणावर बाहेरची कड उचललेली (आपण हायवेच्या पेपरात सुपरएलिव्हेशन शिकतो, अगदी तेच), आणि मधोमध सरळ पट्टी. या पट्टीवर १०० मीटर मावत नाही, म्हणून तिथली सगळ्यात वेगवान शर्यत ६० मीटरची. बायकांच्या शर्यतीत सात-साडेसात सेकंदांत खेळ खल्लास.

हंगेरीचंच बघा. सगळा देश एक कोटीच्या आतला, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही लहान. पण १९८९ आणि २००४ अशा दोन वेळा जागतिक इनडोअर स्पर्धा त्यांच्या बुडापेस्टला झाल्या. तिथली एखादी स्प्रिंटर, जिचं नावसुद्धा आपण कधी ऐकणार नाही, तीही जानेवारी ते मार्च छपराखाली धावते आणि उन्हाळ्याच्या मोसमात तयार होऊन मैदानात उतरते. तिचा हिवाळा फुकट जात नाही.

आपला काय फुकट जातो, ते अचलपुरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण काळी माती आहे ना! सिव्हिलवाल्यांना तिचं इंग्रजी नाव पाठ आहे, ब्लॅक कॉटन सॉईल. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी लागलं की ती फुगते, वाळली की भेगाळते. चिखलदऱ्याकडून एकदा का पाऊस उतरला की आपल्या ग्राउंडवर बुटाला दोन-दोन किलो माती चिकटते. सप्टेंबरपर्यंत हेच. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर, त्यामुळे सकाळी आठनंतर ग्राउंडवर चिटपाखरू नसतं. उरले मधले महिने, तर तेव्हा सबमिशन आणि परीक्षा. वर मुलींच्या हॉस्टेलची हजेरी सातला. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो, म्हणजे शेवटच्या प्रॅक्टिकलनंतर हातात अर्धा तास!

या अर्ध्या तासात कोणी काय पळावं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर एक प्रयोग झाला. फर्स्ट इयरची एक ज्युनिअर आहे, मेळघाटातली. पोट्टी पळते म्हणजे पळतेच! ती चिखलात प्रॅक्टिसला गेली तर ग्राउंडवरचे काका ओरडले, "काहून पळून राहिली वं चिखलात? पाय मोडशीन ना!" काकांचं बरोबरच होतं. मग आम्ही सर्व्हेची टेप आणली आणि हॉस्टेलचा कॉरिडॉर मोजला. भरला ४१ मीटर. शेवटी भिंत आहे, म्हणून भिंतीला दोन गाद्या उभ्या केल्या. पोरगी धावत येऊन धप्पकन गादीवर आदळायची आणि आम्ही मोबाईलवर वेळ घ्यायचो. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरून तक्रार गेली आणि आमचं इनडोअर अ‍ॅथलेटिक्स बंद पडलं. ती हसून म्हणाली, "जाऊ द्या ताई, दिवाळीनंतर बघू." इंटर-कॉलेज स्पर्धा दिवाळीच्या आगेमागेच असते, हे तिलाही ठाऊक होतं.

आता कोणी म्हणेल, सोयी नसतानाच मोठे खेळाडू घडतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचाच समाचार घेण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. मेरी डिसूझा, मुंबईच्या वांद्र्याची. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. त्यात मुंबईच्याच रोशन मिस्त्रीनं १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि मेरीनं २०० मीटरमध्ये कांस्य. रिलेमध्येही रौप्य मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिक. स्वतंत्र भारताच्या पथकात पहिल्यांदा महिला गेल्या, त्या चौघी होत्या. नीलिमा घोष आणि मेरी धावायला, डॉली नाझीर आणि आरती साहा पोहायला. जायचा खर्च होता, पण हातात पुरेसे पैसे नव्हते. शेवटी ओळखीपाळखीच्या लोकांनी कार्यक्रम करून वर्गणी जमवायला मदत केली, तेव्हा मेरीचं जाणं झालं. तिकडे ती १०० आणि २०० मीटर धावली आणि दोन्हींत पहिल्याच फेरीत बाहेर पडली. दोन वर्षांनी, १९५४ ला मनिलात, मेरी, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टिन ब्राऊन या चौघींनी ४ × १०० रिलेत आशियाई सुवर्णपदक जिंकलं. वेळ ४९.५ सेकंद. शिवाय मेरी भारताकडून हॉकीही खेळली! सरकारचा ध्यानचंद पुरस्कार तिला मिळाला २०१३ साली. मनिलानंतर एकोणसाठ वर्षांनी.

स्टेफीची गोष्टही तशीच. १९५८ ला टोकियोत २०० मीटरचं रौप्य, १९६३ ला अर्जुन पुरस्कार, १९६४ च्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर. ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी त्याच वर्षी सुरू झाली होती. तीसुद्धा हॉकी खेळायची.

या बायका ग्रेट होत्याच. पण त्यांच्या गोष्टी आपण सांगतो कशा? 'काही नव्हतं तरी केलं!' टाळ्या! भाषण संपलं, चहा आला. मला विचारायचं आहे ते असं, की त्यांच्याकडे सगळं असतं तर? वर्गणी गोळा करण्यात गेलेले दिवस प्रॅक्टिसमध्ये गेले असते तर? हेलसिंकीची पहिली फेरी पार झाली असती की नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण तिचा संघर्ष आपण इतका गोड करून ठेवला आहे की पुढच्या मुलीला काही द्यायची वेळ आली की आपण तोच दाखवतो. "मेरीनं नाही का केलं?" सत्तर वर्षांनीही कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून पळणाऱ्या मुलीचं कौतुकच करायचं असेल, तर मग आपण सत्तर वर्षं केलं काय?

जिथे सोय झाली तिथे काय घडलं, तेही बघा. २०१६ मध्ये दोह्याच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत ओडिशाच्या द्युती चंदनं ६० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. विशाखापट्टणमची ज्योती याराजी भुवनेश्वरच्या हाय परफॉर्मन्स सेंटरमध्ये परदेशी कोचच्या हाताखाली तयार झाली. २०२३ ला अस्तानाच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत ६० मीटर हर्डल्समध्ये ८.१३ सेकंद आणि रौप्य. २०२४ ला तेहरानमध्ये ८.१२ सेकंद, राष्ट्रीय विक्रम आणि सुवर्ण! याच वर्षी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमच्या आवारात इनडोअर ट्रॅकही उभा राहिला. ओडिशा काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत राज्य नाही. त्यांनी ठरवलं आणि केलं, बस.

आणखी एक नाव सांगते. ज्युलियन आल्फ्रेड. वेस्ट इंडिजमधल्या सेंट लुसिया या बेटाची. बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत. आपल्या अचलपूर नगरपालिकेची २०११ च्या जनगणनेत १ लाख १२ हजार होती, म्हणजे फार फरक नाही. ही मुलगी अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकायला गेली. तिथे इनडोअरमध्ये धावली. मार्च २०२४ मध्ये ग्लासगोला ६० मीटरची जागतिक विजेती झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसला १०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली. तिच्या देशाचं ते पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक. वेग बेटावरचा होता, पण छप्पर टेक्सासचं होतं!

साठ मीटरचं एवढं काय महत्त्व? तर १०० मीटरच्या शर्यतीत ब्लॉकमधून निघणं, वेग वाढवत नेणं आणि आपल्या सर्वोच्च वेगाला पोचणं, हे सगळं साधारण पहिल्या ५०-६० मीटरमध्येच होतं. पुढे तो वेग टिकवायचा असतो. म्हणजे ज्याच्याकडे साठ मीटर सुकी, सपाट जागा बारा महिने आहे, त्याच्याकडे शर्यतीचा अर्ध्याहून जास्त अभ्यास आहे. शिवाय छपराखाली वारा नाही. मैदानात पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असला तर विक्रम धरत नाहीत. आत ती भानगडच नाही. आज सात सेकंद नव्वद आणि उद्या सात पंच्याऐंशी, तर पोरगी खरंच सुधारली.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण करून देते. आखाडा म्हणजे काय? वर छप्पर, खाली चाळलेली लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद. पैलवानाला ऊन-पाऊस लागू नये आणि तालीम एक दिवसही चुकू नये, म्हणून आपल्याच आजे-पणज्यांनी केलेली ती इनडोअर व्यवस्था आहे. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तेव्हा वऱ्हाडाला ही कल्पना नवी नाही. पैलवानाला जे दिलं ते पळणाऱ्या पोरीला द्या, एवढंच म्हणणं आहे.

आता प्रत्यक्ष मागणी. मला स्टेडियम नको. एक शेड हवी. हिशोब असा: ६० मीटर धाव, स्टार्टच्या मागे ३ मीटर आणि फिनिशनंतर थांबायला १५ मीटर. झाले ७८, धरा ८०. एक लेन १.२२ मीटरची, अशा चार लेन म्हणजे पाच मीटरच्या आत. दोन्ही बाजूंना थोडी जागा धरून रुंदी ७ मीटर. म्हणजे ५६० चौरस मीटर. बाजू उघड्या, वर पत्रा, लोखंडी ट्रस. काळ्या मातीत पाया म्हणून अंडर-रीम्ड पाइल, जे आपण पुस्तकात शिकतो आणि कधी बघत नाही. खालची काळी माती काढून मुरूम भरायचा, दाबायचा, वर पातळ काँक्रीट आणि रबराची मॅट. यातलं असं काय आहे जे आपल्याच सिव्हिल डिपार्टमेंटला येत नाही? मेकॅनिकलवाल्यांनी ट्रस वेल्ड करावा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी फिनिशला सेन्सर लावून टायमर करावा. दरवर्षी आपण मागच्या बॅचचे प्रोजेक्ट कव्हर बदलून सबमिट करतो (सर, सगळे नाही!), त्यापेक्षा हे बरं की नाही?

खर्चाचं काय, असं विचारतील. विचारायलाच पाहिजे. पण एक गंमत बघा. आपल्या कॅम्पसमध्ये टू-व्हीलरसाठी शेड आहे, फोर-व्हीलरसाठी आहे, जनरेटरसाठीसुद्धा आहे. ऊन लागलं तर गाडीचं सीट तापतं, म्हणून तिची सोय झाली. योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच की रांगेत पुढचा नंबर मुलींच्या पायांचा लावा. शेड झाली तर मुलंही त्यात धावतील, पावसाळ्यात व्हॉलिबॉलवाले वॉर्म-अप करतील, प्रोजेक्ट एक्झिबिशन भरेल. फक्त एक अट, तिथे पार्किंग सुरू करू नका!

आणि शेड कॅम्पसच्या आत, लाइटखाली असेल, तर सातच्या हजेरीचा प्रश्नही सोपा होईल. वॉर्डन मॅडमना खिडकीतून मुली दिसतील. घरच्यांना काळजी नाही, मॅडमना टेन्शन नाही.

पुढच्या महिन्यात फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय आणि ग्रुप ठरतात. आम्ही चौघींनी हा विषय द्यायचं पक्कं केलंय. माती तपासणी, डिझाइन, ड्रॉइंग, एस्टिमेट सगळं करून देऊ. जिमखाना आणि प्रिन्सिपल सरांनी जागा तेवढी दाखवावी. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्समधलं कोणी तयार असेल तर मुलींच्या हॉस्टेलच्या रजिस्टरवर नाव आणि रूम नंबर लिहून ठेवा. आमची ज्युनिअर अजून तीन वर्षं इथेच आहे. तिच्या शेवटच्या पावसाळ्याआधी पत्रा चढला तरी चालेल.

– तृतीय वर्ष, सिव्हिल